फ्रंट लोड मशीनमधून काढलेल्या टॉवेलांना कुबट वास: गॅस्केट आणि टब बदलावा का?

हिरवीवेल:

नमस्कार मंडळी. आमचं फ्रंट लोड मशीन पाच-सहा वर्षांचं आहे. कपडे दिसायला स्वच्छ निघतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण टॉवेल बाहेर काढताना एक कुबट, आंबूस वास येतो. वाळले की वास जातो. अंग पुसायला घेतले, जरा ओले झाले, की तोच वास परत.

रोज एक लोड लावते, बहुतेक 30 अंशांवर, झटपट प्रोग्रामवर. लिक्विड डिटर्जंट वापरते, शेवटी सॉफ्टनर. वास यायला लागल्यापासून एका टोपणाऐवजी दीड टोपण लिक्विड घालते आहे, पण फरक शून्य. दाराच्या रबराच्या खालच्या घडीत काळे ठिपके आहेत, ते घासूनही जात नाहीत.

दुरुस्तीवाले येऊन गेले. त्यांनी दार उघडून आत पाहिलं, मशीन एकदा फिरवून ऐकलं आणि गॅस्केट (म्हणजे हेच दाराचं रबर) आणि टब दोन्ही बदलावे लागतील असं सांगून गेले. एवढा खर्च करण्याआधी घरी काही करता येईल का? व्हिनेगर घालावं असं बरेच जण सुचवतात. सासूबाईंना दमा आहे, त्यामुळे उग्र वासाचं काही वापरायचं म्हटलं की मला धास्ती वाटते. आणि हल्ली स्पिनला आवाजही वाढलाय, त्याचा ह्या वासाशी संबंध असेल का?

उंबरठा:

कपडे काढल्यावर दार लगेच लावून टाकता का? आम्ही दार आणि साबणाचा खण दोन्ही उघडे ठेवायला लागलो आणि अर्धा वास तेवढ्यानेच गेला. दार सताड नको, चार बोटांची फट पुरते. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर मात्र त्या खोलीचं दार लावून घ्या. मुलं आत शिरतात, आणि आतून ते दार उघडता येत नाही.

पानापक्कड:

ताई, वासासाठी म्हणून टब बदलू नका. मी ह्याच कामात आहे, मशीनं उघडण्यात आयुष्य गेलं. वासाच्या तक्रारीवर टब बदलायची वेळ क्वचितच येते. आवाजाचं वेगळं, त्याकडे शेवटी येतो.

आधी वास कुठून येतो ते समजून घ्या. कपड्यांचा मळ बहुतेक पाण्याबरोबर निघून जातो. मागे राहतं ते आपण वरून घातलेलं: जास्तीचा साबण आणि सॉफ्टनर. त्याला अंगाचा ओशटपणा आणि कापडाची बारीक लव चिकटत जाते. तुम्हाला दिसतो तो स्टीलचा ड्रम चकचकीतच असतो. पण तो ड्रम एका प्लास्टिकच्या टबमध्ये फिरतो, आणि ह्या दोघांमधली जागा मशीन खोलल्याशिवाय कुणाला दिसत नाही. ड्रमच्या पाठीला ॲल्युमिनियमचा तीन हातांचा आधार असतो, त्याला आम्ही स्पायडर म्हणतो. वास येणाऱ्या मशीनचा टब सुटा केला की त्या तीन हातांच्या खाचांत राखाडी, बुळबुळीत थर बसलेला दिसतो. स्क्रूड्रायव्हरने खरवडला तर गोळाच्या गोळा निघून येतो, आणि तुमच्या टॉवेलांना येतो तोच वास खोलीभर पसरतो. त्या थराखाली ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरलेली असते. एका बाजूला स्टील, दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियम, मध्ये कायम ओला, साबणाचा खार असलेला चिखल. दोन धातू असे एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. पुढे एखादा हात तडकतो, ड्रम वाकडा फिरून टबला घासतो, आणि मग त्या मशीनमध्ये दुरुस्त करण्यासारखं फारसं उरत नाही. म्हणून वास आला की लगेच हालचाल करायची. नुसता नाकाला त्रास होतो म्हणून नाही, आत धातू झिजत असतो म्हणून.

हा थर 30 अंशांच्या पाण्याला दाद देत नाही. त्याला उष्णता लागते.

पण त्याआधी हाताने करायची साफसफाई करून घ्या. प्लग काढा. गॅस्केटची घडी बोटांनी उलटवा आणि साबणाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं बोटाला गुंडाळून पूर्ण गोल फिरवा. सगळ्यात खाली घडीत बारीक भोकं असतात, पाणी निचरून जायला. ती केसांनी आणि लवेने बुजली की घडीत पाणी साचून राहतं. काडीने मोकळी करा. काळे ठिपके ही बुरशी आहे. ती रबरात मुरली असेल तर डाग राहतील, राहू द्यात. डागाला वास नसतो, घडीतल्या चिकट थराला असतो. रबर फाटलं असेल किंवा दारातून पाणी गळत असेल तरच गॅस्केट बदलायचं. ठिपक्यांसाठी नाही.

मग साबणाचा खण. आतली खिट्टी दाबली की अख्खा खण बाहेर येतो. सॉफ्टनरच्या कप्प्यावर एक छोटी टोपी असते, ती उचला. खाली सगळं गच्च भरलेलं दिसेल. खण गरम पाण्यात भिजत घाला, आणि तोवर खण बसतो त्या पोकळीच्या छताला टॉर्च मारून बघा. पाणी तिथूनच खाली पडतं आणि बुरशी तिथेच लपते. जुना टूथब्रश घेऊन घासा.

आता खालचा फिल्टर. समोर तळाशी एक छोटं झाकण असतं. गरम पाण्याचा प्रोग्राम नुकताच झाला असेल तर पाणी गार होऊ द्या, नाहीतर हात भाजेल. पसरट भांडं खाली ठेवा. बारीक नळी असेल तर आधी तिच्यातून पाणी काढा, मग फिल्टर हळूहळू फिरवत सैल करा. एकदम उघडलात तर पाण्याचा लोंढा फरशीवर येईल. फिल्टर निघाला की आत टॉर्च मारा, पंपाचं छोटं पातं दिसेल. ते बोटाने फिरवून बघा. अडखळत, झटके देत फिरलं तर घाबरू नका. आत चुंबक असतो, ते तसंच फिरतं. त्याला केस किंवा दोरा गुंडाळलेला असेल तर ओढून काढा. दोन-तीन महिन्यांतून एकदा हे करावं.

हे झालं की रिकामं मशीन सगळ्यात गरम प्रोग्रामवर लावा. सुतीचा 90 अंशांचा असेल तर तो, नाहीतर 'टब क्लीन', आणि तेही नसेल तर निदान 60. साबण म्हणून ऑटोमॅटिक मशीनची पावडर, लिक्विड नको. सॉफ्टनरचा कप्पा रिकामा. खूप दिवसांचा थर असेल तर पहिल्या फेरीनंतर ड्रममध्ये राखाडी कण दिसतील. ते पुसून घ्या आणि दुसरी फेरी लावा. कण येत असताना पांढरे कपडे घालू नका. पुढे महिन्यातून एकदा अशी फेरी पुरते.

आता साबण. दीड टोपणाने वास वाढतो, कमी होत नाही. एक सोपी परीक्षा सांगतो: धुतलेले, वाळलेले टॉवेल मशीनमध्ये घाला, साबण अजिबात घालू नका, 40 अंशांवर लावा आणि थोड्या वेळाने काचेतून बघा. फेस दिसला तर तो टॉवेलांत आणि मशीनमध्ये आधीपासून साठलेला साबण आहे. फ्रंट लोड कपडे वर उचलून खाली आपटतं, त्या आपटण्यातून मळ सुटतो. आत फेसाची गादी झाली की कपडे आपटतच नाहीत, तिच्यावर अलगद पडतात. टोपणाच्या आत रेघा असतात. रोजच्या साध्या कपड्यांना सगळ्यात खालची रेघ पुरते. पाणी जड असेल किंवा कपडे फार मळलेले असतील तर वरची.

टॉवेलांना सॉफ्टनर कधीच नको. तो धाग्यावर मेणचट थर चढवतो, त्यामुळे टॉवेल पाणी कमी टिपतो आणि तो थर धुण्यात सहज निघतही नाही. आणि ड्रम ठासून भरू नका. कपड्यांच्या वर तळहात आडवा सहज जाईल एवढी जागा ठेवा.

आवाजाबद्दल: मशीन रिकामं फिरवून बघा आणि आवाज कसा आहे ते लिहा. घरघर की ठक-ठक, वेगाबरोबर वाढतो की नाही. तेवढ्यावरून बरंच सांगता येईल.

तुरटी:

पानापक्कड काकांनी पावडरच का सांगितली ते रसायनाच्या बाजूने सांगते. चांगल्या पावडरीत सोडियम परकार्बोनेटसारखं ऑक्सिजन ब्लीच असतं. पाण्यात गेलं की त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतो, आणि गरम पाण्यात तो जिवाणूंवर आणि बुरशीवर चांगलं काम करतो. ते पाण्यात टिकत नाही, म्हणून लिक्विडमध्ये सहसा घालत नाहीत. कायम लिक्विड आणि कायम थंड पाणी वापरलं तर मशीनमध्ये जंतू मरावेत असं काही घडतच नाही. रंगीत कपड्यांसाठीच्या पावडरीतही बऱ्याचदा हे ब्लीच नसतं, तेव्हा पाकिटावरचे घटक वाचून घ्या.

वाळल्यावर वास जातो आणि ओलं झालं की परत येतो, हे वाचून लगेच आठवलं. 2012 साली जपानी संशोधकांनी कपड्यांना येणाऱ्या नेमक्या ह्याच वासामागे मोराक्झेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असल्याचं दाखवलं. तो धुण्यातून आणि वाळवण्यातूनही तग धरतो. कापड ओलं झालं की त्यात उरलेल्या अंगाच्या तेलकटपणावर जगतो आणि 4-मिथाइल-3-हेक्झेनोइक आम्ल तयार करतो. कुबट वास त्या आम्लाचा. म्हणजे नुसतं मशीन साफ करून भागणार नाही, टॉवेलही सोडवून घ्यावे लागतील. पावडर घालून 60 अंशांवर लांबचा प्रोग्राम लावा, आणि नंतर लगेच काढून वाळत घाला. धुऊन झालेले ओले कपडे तासन्‌तास आत पडून राहिले तर केलेलं सगळं वाया जातं.

व्हिनेगर मी सुचवणार नाही. ते आम्ल आहे. क्षारांवर चालतं, ओशट थरावर फारसं नाही, आणि वारंवार घातलं तर रबराला इजा करतं. आणि ताई, सासूबाईंना दमा आहे म्हणून हे ठळकपणे लिहिते: व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल आणि क्लोरीनचं ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. आधी एक घालून पाणी न काढता दुसरं घातलं तरी तेच होतं. निरोगी माणसालाही तो वायू घातक आहे, दम्याच्या माणसाचं तर बोलायलाच नको.

दोरीचिमटा:

आमचं टॉप लोड आहे. कुबट वास नाही, पण गडद कपड्यांवर तपकिरी पापुद्र्यासारखे कण येतात. शिवाय पाणी भरायला खूप वेळ लागतो. नळाला दाब चांगला आहे. हा धागा आम्हालाही लागू आहे का?

पानापक्कड:

लागू आहे, फक्त थराची जागा वेगळी. टॉप लोडमध्ये तळाशी फिरणारी चकती असते, पल्सेटर. तिच्या खाली आणि आतल्या टबच्या बाहेरच्या बाजूला तो जमतो आणि पापुद्रे होऊन सुटतो. प्लग काढून पल्सेटरचा मधला स्क्रू सोडा. काही मॉडेलमध्ये स्क्रूवर टोपी असते, ती आधी काढा. पल्सेटर दोन्ही बाजूंनी सारखा वर ओढायचा, एका कडेने उचकटला तर तुटतो. खाली जे दिसेल ते बघून तुम्हालाच पटेल. लव पकडणारी जाळीही तपासा, फाटली असेल तर बदला. फाटक्या जाळीतून लव सरळ कपड्यांवर येते.

बऱ्याच टॉप लोडना स्वतःचा हीटर नसतो. मग बाहेरून गरम पाणी भरायचं. उकळतं नको, प्लास्टिक आणि रबर खराब होतं. ऑक्सिजन ब्लीचची पावडर घालून पाच मिनिटं फिरवा आणि तासभर तसंच राहू द्या. वर साय धरल्यासारखे पापुद्रे तरंगतील. ते गाळणीने काढून मगच पाणी सोडा, नाहीतर तेच पुन्हा आत अडकतील.

पाणी सावकाश भरतंय त्याचं कारण बहुतेक मागे आहे. नळ बंद करा, पाणी येणारी नळी मशीनच्या बाजूने सोडा. व्हॉल्व्हच्या तोंडात बोटाच्या टोकाएवढी जाळी दिसेल. पक्कडीने हलकेच ओढून काढा आणि ब्रशने धुवा. रेती आणि गंजाचे कण निघतील. नळी हातात आहेच तर तिला चिरा पडल्यात का, कुठे फुगली आहे का तेही बघून घ्या. जुनी नळी फुटते ती सहसा घरात कुणी नसताना, आणि मग घरभर पाणी होतं. साधारण पाच वर्षांनी ती बदलून टाकावी, आणि मशीन चालू नसताना नळ बंद ठेवावा.

आणखी एक गोष्ट टॉप आणि फ्रंट दोन्हीवाल्यांसाठी, आणि ही मी कळवळून सांगतो. रेनकोट, गादीचं वॉटरप्रूफ कव्हर, असं पाणी न झिरपणारं काहीही स्पिनला लावू नका. पाणी त्याच्या पोटात अडकून राहतं. ड्रम जोरात फिरायला लागला की ते अचानक एका बाजूला सुटतं, आणि मशीन जागेवरून उडण्याइतका हिसका बसतो. तारेच्या ब्रा जाळीच्या पिशवीत घाला. ती तार ड्रमच्या भोकातून पलीकडे जाते आणि टबला किंवा हीटरला जाऊन अडकते.

हिरवीवेल:

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांनी सांगितलं त्या क्रमाने सगळं केलं.

खण बाहेर काढला आणि सॉफ्टनरच्या टोपीखाली काळसर जेलीसारखं काहीतरी निघालं. गॅस्केटची भोकं पूर्ण बुजलेली होती. काडी घातल्यावर घडीतलं पाणी बघता बघता उतरलं. फिल्टरमध्ये केसांचा पुंजका, दोन पिना आणि एक बटण. पातं खरंच झटके देत फिरतं, तुम्ही आधी सांगितलं नसतं तर मी नक्की घाबरले असते.

टॉवेलांची परीक्षाही केली. साबणाचा थेंब न घालता फेस काचेच्या मध्यापर्यंत चढला! सासूबाईंना मुद्दाम बोलावून दाखवला. 90 ची पहिली फेरी झाली तेव्हा ड्रममध्ये राखाडी कण होते, दुसऱ्या फेरीनंतर काहीच नाही. मशीनचा वास आता गेला आहे. टॉवेल 60 वर पावडरीत धुतले. त्यातले जुने, जाड टॉवेल अजून किंचित वास देतात, बाकीचे अगदी छान झाले.

काका, आवाज मात्र तसाच आहे. रिकामं मशीन स्पिनला लावलं तरी घर्रर्र असा, आणि वेग वाढेल तसा वाढत जातो. विमान उडायच्या आधी येतो तसा.

पानापक्कड:

वास गेला हे वाचून फार बरं वाटलं. जाड टॉवेलांना तसंच आणखी एकदा 60 वर घाला, त्यांच्यातला साबण निघायला वेळ लागतो.

आवाजाचं वर्णन बेअरिंगकडे, म्हणजे ड्रमचा दांडा ज्याच्या आधाराने फिरतो त्या भागाकडे, बोट दाखवतं. कपडे असतानाच आवाज असता तर मी आधी पाय तपासायला सांगितलं असतं, किंवा टबखालचे शॉकअब्सॉर्बर. रिकाम्यातही येतोय आणि वेगाबरोबर चढतोय म्हणजे गोष्ट वेगळी. तरी खात्री करून घ्या. प्लग काढा, दार उघडा, ड्रमची वरची कडा आतून धरून वर-खाली हलवा. ड्रम आणि त्याच्या बाहेरचा टब दोन्ही एकत्र झुलले तर ठीक, तो स्प्रिंगवर टांगलेलाच असतो. पण ड्रम टबच्या आत वेगळा हलला आणि 'खट' असं जाणवलं, तर बेअरिंग गेलं. मग ड्रम हाताने सावकाश फिरवा. खरखर हाताला कळते, कानापेक्षा आधी. मागचं पत्र्याचं कव्हर कुणाकडून काढून घेता आलं तर मोठ्या पुलीच्या मध्याखाली तांबूस ओघळ दिसतोय का बघायला सांगा. तो दिसला तर पाणी अडवणारं रबरी सील फुटून पाणी बेअरिंगमध्ये शिरलं आहे.

हिरवीवेल:

ड्रम वेगळा हलतो. 'खट' स्पष्ट जाणवतं. मागचं कव्हर आमच्या ह्यांनी काढलं, ओघळही आहे, तपकिरी, पार खालपर्यंत गेलेला.

पानापक्कड:

मग तुमच्या दुरुस्तीवाल्यांचं टबबद्दलचं म्हणणं बरोबर असू शकतं. मशीन फिरवून ऐकताना त्यांना बेअरिंगचाच आवाज आला असणार, फक्त कारण तुम्हाला नीट सांगितलं नाही. एकच विचारा: ह्या मॉडेलचा टब स्क्रूने जोडलेला आहे की चिकटवलेला? स्क्रूचा असेल तर नुसतं बेअरिंग आणि सील बदलता येतं, टब तोच राहतो. हल्ली बऱ्याच मशीनचे टब कारखान्यातच वितळवून जोडतात, ते उघडत नाहीत. तसा असेल तर ड्रम, टब आणि बेअरिंग असा अख्खा संच बदलावा लागतो. त्यात तुमची फसवणूक नाही. गॅस्केट मात्र फाटलेलं नसेल तर तेच परत बसवायला सांगा, आणि बसवताना ती निचऱ्याची भोकं बरोबर तळाला आली आहेत ना ते स्वतः बघा. थोडं फिरून बसलं तर पाणी पुन्हा साचायला लागेल.

तोवर मशीन अगदीच लावावं लागलं तर स्पिनचा वेग सगळ्यात कमी ठेवा आणि भार निम्मा. जुना टब स्क्रूचा असेल तर उघडल्यावर स्पायडर एकदा बघून घ्या. हात पांढरे पडून खड्डे पडले असतील तर नुसत्या बेअरिंगवर पैसे घालू नका. काम झालं की मशीन जागेवर लेव्हलने सपाट करून घ्यायला सांगा, चारही पाय टेकलेले हवेत आणि पायांवरचे चेकनट वर घट्ट आवळलेले. पहिली फेरी रिकामी, तुम्ही समोर उभं राहून.